कीटकनाशकभारित मच्छरदाणी आणि डासांची संख्या

मच्छरदाणी म्हणजे आत झोपणाऱ्याच्या रक्षणाचे साधन, असे आपण समजतो. परंतु कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी शेजारच्या मुलाचेही रक्षण करते. हे कसे घडते, ते केनिया देशाच्या उदाहरणावरून पाहू.

हिवतापाचा प्रसार अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी करते. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ती माणसाकडे येते. रुग्णाचे रक्त प्यायल्यावर ती लगेच रोग पसरवू शकत नाही. तिच्या शरीरात जंतूची वाढ पूर्ण होण्यास उष्ण हवामानात सुमारे १० ते १२ दिवस लागतात. म्हणजेच वय झालेली मादीच खरी धोक्याची. मच्छरदाण्या भारित असतील, तर प्रत्येक फेरीत तिला मरणाची भीती. त्यामुळे डास घटतात आणि उरलेल्यांत वय झालेले फार थोडे असतात.

पश्चिम केनियातील व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या असेम्बो भागात १९९७ ते १९९९ या काळात काही गावांना भारित मच्छरदाण्या दिल्या गेल्या. तेथे बालमृत्यू घटले. विशेष म्हणजे, मच्छरदाणी नसलेल्या, पण मच्छरदाणीवाल्या घरांपासून ३०० मीटरच्या आत असलेल्या घरांनाही लाभ झाला.

मात्र डासांची वस्ती नुसती घटत नाही, तर बदलतेही. माणसाचे रक्त पसंत करणारा, घरात शिरणारा गॅम्बी जातीचा डास तेथे विरळ झाला. गुरांनाही चावणाऱ्या अरेबिएन्सिस जातीचे प्रमाण वाढले. फ्युनेस्टस ही जात आधी घटली, पण पुढे पुन्हा वाढली. पायरेथ्रॉईड कीटकनाशक पचवण्याची शक्ती तिच्यात आलेली आढळली. अशा डासांसाठी दोन कीटकनाशके असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली.

आपल्या गडचिरोलीतही भारित मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आहेत. तेथील डासांच्या जाती निराळ्या, तरी बोध तोच. गावातील दोन-चार घरांनीच मच्छरदाणी वापरली, तर तेवढीच घरे वाचतात. बहुतेकांनी वापरली, तर ज्याच्याकडे ती नाही तोही वाचतो. म्हणून मिळालेली मच्छरदाणी पेटीत जपून ठेवू नये. ती रोज रात्री लावावी, फाटल्यास शिवावी, वारंवार धुऊ नये. विद्यार्थी मित्रांनी हे आपापल्या वस्तीत समजावून सांगावे, ही विनंती.