केकवरची झळाळी

गेल्या नाताळात जोयडा तालुक्यातील रामनगर येथे एका विद्यार्थ्याच्या घरी आम्ही गेलो होतो. नेवऱ्या व दोदोल यांच्या शेजारी मोत्यासारखा चमकणारा एक केक मांडला होता. विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीने विचारले, "सर, ही चमक पोटात गेली तर चालते का?" प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा पुढे जो अभ्यास केला, तो येथे मांडीत आहोत.

मिठाईला झळाळी देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. बर्फीवरचा वर्ख म्हणजे ठोकून अतिशय पातळ केलेली चांदी. भारतीय नियमानुसार ती १००० भागांत किमान ९९९ भाग शुद्ध असावी लागते आणि एक चौरस मीटर वर्खाचे वजन २.८ ग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. भेसळीचा वर्ख ॲल्युमिनियमचा असतो. जाळून पाहिल्यास खऱ्या चांदीची चकाकणारी गोळी उरते, तर ॲल्युमिनियमची काळपट राख होते. ही परीक्षा मात्र वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावी.

केकची तऱ्हा निराळी. साखरेचा लगदा कणकेसारखा मळून, लाटून केकवर पांघरतात. त्यास फाँडंट म्हणतात. त्यावरची चमकभुकटी पुष्कळदा अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढविलेला असतो. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकत्र येऊन रंग उमटतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, तेही याच कारणाने. युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइड वापरण्यास बंदी केली, हेही लक्षात ठेवावे.

भुकटी लावताना फाँडंटचा पृष्ठभाग कोरडा असावा व कुंचला मऊ असावा. थोडी भुकटी घेऊन, जास्तीची झटकून, हलक्या हाताने फिरवावी. पाण्यात कालवून लावल्यास साखर विरघळते व डाग पडतात. आपल्या भागातील पावसाळी, दमट हवेत साखर ओलावा ओढून घेते. म्हणून हे काम केक मांडण्यापूर्वी थोडाच वेळ आधी करावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन ६ मुले आजारी पडली. त्यांना उलट्या व जुलाब झाले. केकवरच्या चमकभुकटीत मुख्यतः तांब्याचे बारीक कण आढळले. ती भुकटी खाण्यासाठी नव्हतीच. काही डब्यांवर 'बिनविषारी' किंवा 'केवळ सजावटीसाठी' असे छापलेले असते. 'बिनविषारी' म्हणजे 'खाण्यायोग्य' नव्हे. खाण्याच्या भुकटीच्या डब्यावर घटकांची यादी आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असावा. ही माहिती नसेल, तर भुकटी विकत घेऊ नये. आणि सुटी, पुडीतली भुकटी तर मुळीच घेऊ नये.

त्या मुलीस आम्ही आता उत्तर देऊ: "बाळ, आधी डबा वाचू या, मग खाऊ या." विद्यार्थिमित्रहो, चकाकते ते सारेच सोने नसते, हे आपण जाणतोच. चकाकते ते सारेच खाण्याजोगेही नसते, एवढी भर त्यात घालावी. केक साधा राहिला म्हणून त्याची गोडी काही कमी होत नाही.