'सरखेल' : एका आरमारी पदाची कुळकथा

दि. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, भारतीय परंपरेला अनुसरून नौदलातील पदांना नावे देण्याची घोषणा सिंधुदुर्ग येथे झाली. अशा वेळी मराठी माणसास प्रथम आठवतो तो 'सरखेल' हा शब्द, आणि त्यामागोमाग कान्होजी आंग्रे.

या शब्दात समुद्र असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यात घोडे आहेत. फारसी 'सर' म्हणजे प्रमुख. 'खैल' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ घोडे, घोडेस्वारांची तुकडी. चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने सैन्यातील पदांची जी श्रेणी नोंदविली आहे, तीत सरखेल अगदी तळाशी आहे. त्याच्या हाताखाली १० स्वार. १० सरखेलांवर सिपहसालार, १० सिपहसालारांवर अमीर. याच 'अमीर' शब्दापासून युरोपीय भाषांतील 'अ‍ॅडमिरल' घडला. तात्पर्य, दोघेही घोड्यावरून उतरूनच गलबतावर चढले.

कान्होजींनी हे पद पराक्रमाने मिळविले. बाळाजी विश्वनाथाशी झालेल्या तहानंतर शाहू छत्रपतींनी ते त्यांच्याकडे कायम केले. परंतु १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले आणि पद घरातच राहिले. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारल्यावर भाऊबंदकी पेटली. अखेर १७३५ मध्ये बाजीरावाने वाटणी केली : संभाजीस विजयदुर्ग व 'सरखेल', मानाजीस कुलाबा व 'वजारतमाब'. शेतजमीन वाटावी तसे आरमार वाटले गेले. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज एकत्र येऊन त्यांनी विजयदुर्गाचे आंग्रे आरमार बुडविले, त्याची पूर्वतयारी या वाटणीत होती असे माझे मत आहे.

'सारंग' या शब्दाचा प्रवास उलटा झाला. 'सरहंग' म्हणजे सेनानायक. शिवकाळात दर्यासारंग हा आरमाराचा अधिकारी. पुढे इंग्रजांच्या जहाजांवर सारंग म्हणजे देशी खलाशांचा केवळ मुकादम. हिंदी खलाशाची चढण तेथेच संपे. आपल्या केळवे-सातपाटीकडे 'तांडेल' हे पद आहे आणि आडनावही. मात्र केवळ आडनावावर कोणी सुकाणू हाती देत नाही, वारा आणि पाणी कळावे लागते.

पद आणि किताब यांतील हा भेद आपल्या संविधानात स्पष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १८ अन्वये राज्याला कोणताही किताब देता येत नाही. अपवाद केवळ लष्करी आणि विद्याविषयक सन्मानांचा. हे दोन्ही वारशाने मिळत नाहीत.

तरीही स्वातंत्र्यानंतर जवळजवळ ११ वर्षे नौदलाचे सर्वोच्च पद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. २२ एप्रिल १९५८ रोजी त्यावर पहिले भारतीय बसले ते रामदास कटारी; मुंबईच्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावरील पहिल्या तुकडीचे विद्यार्थी.