फड बागायतीचा हिशेब

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने बागायत करण्याची चाल तीन-चारशे वर्षांची आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे बहुधा चार फड, अशी तिची मांडणी असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. बहुतेक खातेदारांची पट्टी प्रत्येक फडात असते.

प्रस्तुत लेखकाने हे फड प्रथम पाहिले तेव्हा त्यास ही व्यवस्था गैरसोयीची वाटली. कृषी महाविद्यालयात शिकविले होते की तुकडे जोडावेत. तसा कायदाही १९४७ साली झाला. एकट्या शेतकऱ्यापुरते पाहिले तर ते बरोबरच आहे. जाण्यायेण्यात वेळ मोडतो, बांधांत जमीन जाते.

आता हाच हिशेब पाण्याच्या बाजूने मांडून पाहा. उसाशेजारी गहू असला तर एका वाफ्यासाठी सबंध चारी वाहती ठेवावी लागते व पाझराने शेजारचे पीक बिघडते. सबंध फडात गहू असला म्हणजे शेवटची पाळी देऊन चारी बंद करता येते. दारे धरण्यास पाटकरी व राखणीस जागल्या सर्वांचे मिळून असतात. घरोघरच्या माणसास रात्र जागावी लागत नाही.

खरा कस टंचाईच्या वर्षी लागतो. समजा, एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन चार फडांत अर्धा-अर्धा एकर आहे. पाणी दोनच फडांपुरते असल्यास पंच दोन फड बंद ठेवतात व त्याचा एक एकर भिजतो. शेजाऱ्याचीही निम्मीच जमीन भिजते. तुकडे जोडलेले असते तर पाटाच्या तोंडाशी असणाऱ्याचे दोन्ही एकर भिजले असते आणि शेवटच्याचा एक गुंठाही भिजला नसता.

पुढे नद्यांवर वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी व विजेचे पंप आले आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. तथापि सामाईक विहीर किंवा बंधारा असेल तेथे हा हिशेब आजही लागू पडतो. कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी भागीदारांस एकत्र बसवावे, उपलब्ध पाणी मोजावे, ते किती एकरांस पुरेल हे ठरवावे आणि एकाच पिकाची शेते शक्य तितकी लागून घ्यावीत. पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन आहे त्यास यात प्रथम तोटा दिसतो. त्याचे मन वळविणे हे बियाणे वाटण्याहून अवघड काम आहे. म्हणून बैठकीपूर्वी त्याच्या घरी जाऊन बोलावे.