मुलाखतीला जाताना

बाजारात बैल घ्यायला गेलो की आपण काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो. दोन पावले चालवूनही पाहतो. तो कसा उभा राहतो, माणूस जवळ आला की बुजतो का, हे पाहतो. बैल बोलत नाही. पण त्याचे अंग बोलते.

माणसाचेही तसेच आहे. सून दारात आली की सासू विचारते, "काय गं, बरं वाटत नाही का?" सून तर काहीच बोललेली नसते. सासूला चालण्यावरूनच कळते.

नोकरी देण्याआधी बोलावून चार प्रश्न विचारतात. याला मुलाखत म्हणतात. हे थोड्या वेळाचे काम. समोरच्या माणसाला आपले गाव ठाऊक नसते. आपल्याला शेतात राबताना त्याने पाहिलेले नसते. म्हणून तो आपले कागद पाहतो, बोलणे ऐकतो आणि अंगही पाहतो.

इथे आपली एक अडचण होते. गावात मोठ्यांपुढे मान खाली घालण्याची रीत आहे. हळू बोलणे, तोंडाला पदर लावणे, दाराशीच उभे राहणे, हे सारे आपण मान देण्यासाठी करतो. कचेरीत मात्र याचा अर्थ पुष्कळदा वेगळा लागतो. 'ही घाबरली आहे', 'हा काहीतरी लपवतो आहे', असे वाटते. आपण मान देतो आणि समोरच्याला भीती दिसते. काम येत असूनही मग जागा हातची जाते.

मग आपली रीत सोडायची का? नाही. नम्रता ठेवायची, पण भीती दिसू द्यायची नाही. हे कसे करायचे ते पाहू.

एका बाईची गोष्ट घ्या. घरी तीन एकर जिरायत. पावसाने दगा दिला. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात आयाची जागा निघाली. बाईला बोलावणे आले. तिचे मामा एका कचेरीत पंचवीस वर्षे शिपाई होते. साहेबाच्या दाराशी बसून त्यांनी कितीतरी माणसे आत जाताना आणि बाहेर येताना पाहिली होती. आदल्या रात्री मामा खुर्चीवर बसले आणि भाचीला म्हणाले, "समज, मी साहेब आहे. आत ये."

भाची : (मान खाली घालून) येऊ का?

मामा : ऐकू आलं नाही. दार वाजव. मान वर कर, मग विचार.

भाची : आत येऊ का, साहेब?

मामा : हां, असं. आता चपला का काढतेस?

भाची : मोठ्यांच्या खोलीत चपला घालून कसं जायचं?

मामा : आधी बघावं. दाराबाहेर चपला काढलेल्या दिसल्या तर काढ. आतली माणसं घालून बसली असली तर तूही घाल.

भाची : पाया पडू का?

मामा : नको पोरी. हात जोडून नमस्कार कर, बास. आपण काम मागायला आलो, भीक नाही.

(भाची खुर्चीच्या टोकावर बसते.)

मामा : मी 'बसा' म्हणालो का? म्हटल्यावर बस. आणि नीट मागं सरकून बस. टोकावर बसलेलं माणूस पळायच्या बेतात दिसतं. पाठ सरळ. पाय जमिनीला. पिशवी मांडीवर. पदराचं टोक पिळू नकोस.

भाची : मग हातांचं करू काय?

मामा : पिशवीवर ठेव. बाळाला कसं न्हाऊ घालतेस, ते सांगताना हात हलणारच. हलू दे. ते चांगलं दिसतं.

भाची : आणि नजर? मला नाही बाई परक्याच्या डोळ्यांत बघवत.

मामा : डोळ्याला डोळा लावून बसायचं नाहीच. जो विचारील त्याच्या तोंडाकडं बघ. कपाळाकडं बघितलंस तरी चालतं. बरं, रात्रपाळी जमेल का?

(भाची मान हलवते.)

मामा : ही मान 'हो' म्हणाली की 'नाही'? साहेब परगावचा असला तर त्याला कळायचं नाही. तोंडानं सांग, 'हो, जमेल.'

भाची : येत नसलेलं विचारलं तर?

मामा : तेव्हाच मान खाली जाते. म्हणून तेव्हाच ती वर ठेवायची. 'हे मला येत नाही. दाखवलंत तर शिकेन', एवढंच म्हणायचं.

त्या रात्री दोघांनी तीनदा सराव केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "थर्मामीटर बघता येतो का?" बाईने मान वर ठेवून खरे ते सांगितले. आजाऱ्यांची सेवा कशी केली, तेही सांगितले. तिला काम मिळाले. थर्मामीटर ती पहिल्याच आठवड्यात शिकली.

भीती वाटली तर

छाती धडधडते. तोंडाला कोरड पडते. तळहात ओले होतात. संकट आले की ॲड्रिनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो, त्याने असे होते. यात लाजण्यासारखे काही नाही. अर्धा तास आधी पोचा. घोटभर पाणी प्या. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. श्वास सावकाश सोडला की धडधड कमी होते.

हे टाळा

तोंडात तंबाखू, मिश्री, पान नको. मोबाईल बंद ठेवा. पाय हलवू नका. टेबलावर रेलू नका. निघताना पुन्हा नमस्कार करा. फाटकाबाहेर पडेपर्यंत नीट चाला. पहारेकरीही माणूस पारखतो.

एवढ्यावर भागत नाही

'बोलण्याला सातच टक्के किंमत, बाकी सगळी अंगाची आणि आवाजाची', असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. अमेरिकेत आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे काही प्रयोग १९६७ साली छापून आले. त्यांत एकेक सुटा शब्द निरनिराळ्या आवाजात ऐकवला होता. चेहऱ्याची चित्रे दाखवली होती. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, हे लोक कशावरून ओळखतात, एवढेच त्यात पाहिले होते. नोकरीच्या मुलाखतीशी त्याचा संबंध नव्हता. ताठ बसून खोटे बोलले तर ते खोटेच राहते. काम येत असले पाहिजे. अंग नीट ठेवले की ते काम समोरच्याला दिसते, इतकेच.

समोरच्याचेही अंग पाहा

मुलाखत घेणारा नको तितका जवळ आला, अंगाला हात लावू लागला, तर उठून बाहेर या. नोकरीपेक्षा अब्रू मोठी. कामाच्या जागी बाईशी असे वागायला २०१३ सालच्या कायद्याने मनाई आहे. नोकरी लागलेली नसली तरी बाईला त्या कायद्याचा आधार आहे. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. त्या जागी दहापेक्षा कमी माणसे कामाला असली, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

मान वर ठेवणे म्हणजे मगरुरी नव्हे. ज्याच्या हाताला काम येते, त्याने ते सांगताना खाली का बघावे?

सांगा पाहू

१. गावात मान खाली घालण्याचा अर्थ काय? कचेरीत काय अर्थ लागू शकतो?
२. मामांनी पाया पडू नको असे का सांगितले?
३. नुसती मान हलवून उत्तर का देऊ नये?

करून पाहा

वर्गात दोघे-दोघे समोरासमोर बसा. एकाने साहेब व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. बाकीच्यांनी हात, पाय, पाठ आणि नजर पाहावी व काय दिसले ते सांगावे. मग जागा बदला.