तदर्थ जाळी आणि आकाशातील दुवा

‘तदर्थ समिती’ हा शब्दप्रयोग आपल्या परिचयाचा आहे. विशिष्ट कामापुरती नेमली जाते आणि काम संपताच विसर्जित होते, ती तदर्थ समिती. संदेशवहनातील ‘फिरते तदर्थ जाळे’ याच अर्थाने तदर्थ असते. त्यात मनोरा नसतो, मध्यवर्ती केंद्र नसते. प्रत्येक रेडिओसंच स्वतःचा संदेश पाठवतो आणि शेजाऱ्याचा संदेशही पुढे पोहोचवतो. संच बाळगणारी माणसे जागा बदलतात, तसतसे संदेशांचे मार्ग नव्याने आखले जातात.

जाळ्याची मर्यादा

अशा संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. जमिनीपासून 2 मीटर उंचीवरील दोन संचांचा थेट संपर्क सपाट प्रदेशातही, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, सुमारे 12 किलोमीटरपर्यंतच होऊ शकतो. डोंगर आडवा आला तर तोही खुंटतो. मग एका दरीतील जाळे आतून सुरळीत चालते, परंतु मदतीची हाक मात्र त्या दरीतच विरते.

विमानाचे कार्य

12,000 मीटर उंचीवरील विमानाचे रेडिओ-क्षितिज सुमारे 450 किलोमीटर दूर असते. त्यामुळे परस्परांना न दिसणाऱ्या दोन्ही दऱ्या त्याला एकाच वेळी दिसतात. अमेरिकी हवाई दलाने अफगाणिस्तानच्या डोंगराळ प्रदेशात या तत्त्वाचा उपयोग केला. ई-11ए विमानांवर बसवलेली ‘बॅकन’ ही यंत्रणा संदेश केवळ पुढे पाठवत नसे. वेगवेगळ्या पद्धतींच्या रेडिओंमध्ये ती दुभाष्याचे कामही करी.

या सोयीची किंमत

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. तदर्थ जाळ्याचे बळ केंद्र नसण्यात आहे: एक संच बंद पडला तरी संदेश दुसरी वाट शोधतो. परंतु अनेक जाळी एकाच विमानाने जोडली, की ते विमानच केंद्र बनते. 27 जानेवारी 2020 रोजी असे एक ई-11ए विमान गझनी प्रांतात कोसळले आणि त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. दुवा सांधणारी माणसेही संकटात असतात, याचे हे स्मरण होय. म्हणून विमान दूर गेले तरी प्रत्येक जाळे स्वतंत्रपणे चालू राहील, अशीच रचना इष्ट ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘तदर्थ’ ही संज्ञा या जाळ्याला का लागू पडते?
2. विमानामुळे कोणती अडचण दूर होते व कोणती नवी निर्माण होते?