सेल्फ-कॅलिब्रेशन केलं, मग प्रयोगशाळा कशाला?

प्रश्न : आमच्या जिनिंग मिलमध्ये कापूस सुकवणाऱ्या यंत्राचं तापमान मी थर्मोकपल आणि नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या (एनआय) जुन्या ई-सिरीज बोर्डावरून नोंदवतो. लिनक्सचा ड्रायव्हर मीच लिहिलाय. डिसेंबर आणि मार्चची मापं जुळत नाहीत. रजिस्टरमधून सेल्फ-कॅलिब्रेशन केलं की प्रयोगशाळेची गरज संपते ना?
– एक वाचक, आदिलाबाद

उत्तर : संपत नाही, पण घाबरू नका. सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये बोर्ड स्वतःवरचाच संदर्भ व्होल्टेज मोजून शून्य आणि गेन जुळवतो. तो संदर्भच वर्षांनुवर्षं सरकत गेला तर बोर्डाला ते कळणार कसं? म्हणून अधूनमधून एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेत तपासणी हवीच. हैदराबादला सोय आहे.

माझा पहिला संशय मात्र तुमच्या ड्रायव्हरवर. ई-सिरीजच्या कॅल-डॅकमधले (शून्य आणि गेन जुळवणाऱ्या चिपमधले) आकडे वीज गेली की पुसले जातात; सुरू होताना ड्रायव्हरने ते ईईप्रॉममधून वाचून परत भरावे लागतात. स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये ही पायरी हमखास राहते. ईईप्रॉममधल्या कारखान्याच्या नोंदींवर काहीही लिहू नका, आधी त्यांची प्रत काढा. हे सगळं नको असेल तर लिनक्सच्या ‘कोमेडी’ संचात कॅलिब्रेशनचा तयार प्रोग्राम आहे.

संगणक अर्धा तास तापू द्या, मगच कॅलिब्रेशन करा. आदिलाबादची थंडी ओसरली की पुन्हा करा. थर्मोकपलची आणि त्याच्या थंड सांध्याची चूक यात निघत नाही. ती पाहायला टोक वितळत्या बर्फात बुडवा : माप शून्य अंशाच्या आसपास यायला हवं.