स्मृतिभ्रंश : गीतेतला आणि घरातला

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून नाशापर्यंतची जी परंपरा सांगितली आहे, तिच्यात क्रोध, संमोह आणि त्यामागून स्मृतिभ्रंश असा क्रम येतो. वृद्धांच्या एका मेंदूच्या व्याधीलाही आज हाच शब्द लावतात. शब्द एक, म्हणून कारणही एकच मानले जाते. ‘जन्मभर संताप केला, त्याचे हे फळ’ असे रुग्णाच्या मुलांसमोर बोलणारे सज्जन आपल्या मंडळींतही आहेत. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात तेथील स्मृती म्हणजे शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाने ठसलेल्या संस्कारांची स्मृती, असा अर्थ केला आहे. सकाळी जेवण झाले की नाही हे न आठवणे त्यात बसत नाही.

आमच्या घरी हा घोटाळा दोन वर्षे चालला. वडील संकल्प सांगताना संवत्सराच्या नावापाशी अडत. पुरुषसूक्त मात्र एक स्वर न चुकता म्हणत. सूक्त आठवते आणि संवत्सर आठवत नाही, तेव्हा हे दुर्लक्षच, असे समजून आम्ही त्यांना यजमानांदेखत टोकले. ते आम्हांला अजून सलते. पुढे बेळगावहून धारवाडच्या ‘डिमहान्स’ या मनोरुग्णालयात त्यांना नेले, तेव्हा उलगडा झाला. लहानपणी घोकलेले उशिरापर्यंत टिकते, नवे आधी जाते. आणि संवत्सराचे नाव तर दरवर्षी नवे!

तेथे जाण्यात लाज कसली? विस्मरण ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने (शाकाहारी घरांत ती विरळ नाही), थायरॉइडच्या बिघाडाने, काही औषधांनी किंवा नैराश्यानेही होते, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून तपासणी आधी, निष्कर्ष मागाहून. खरा स्मृतिभ्रंश बरा होत नाही. परंतु रात्रीची भटकंती, संशय, भीती यांवर इलाज असतो.

सेवा करणाऱ्याचे मनही खचते. आमच्या आईची झोप पार उडाली होती. केंद्र सरकारच्या, २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. प्रथम आई म्हणाली, ‘परक्याला घरचे काय सांगायचे?’ एके रात्री मात्र तिने आपण होऊन फोन मागितला, आणि बराच वेळ बोलली.

हल्ली संकल्पाच्या वेळी आम्ही वडिलांच्या शेजारी बसतो व संवत्सराचे नाव हळूच सांगतो. पुढचे ते स्वतः म्हणतात.